एक नाव, एक पत्ता, एक नंबर

माझ्या नवऱ्याचं नगरात फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्डं छापायचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि कधीच न फिरणारा एक पंखा आहे, ते माझं ऑफिस. तिथं बसून मी गेली सात-आठ वर्षं ठेकेदारांच्या ऑनलाइन नोंदी सांभाळते. ठेकेदार म्हणजे रस्ते-पूल बांधणारे मोठे नव्हेत. सेंटरिंगवाले, रंगारी, नळाची कामं करणारे, बोअरची गाडी असणारे, पत्र्याचे शेड उभारणारे. कुणी मोबाईलवर शोधलं की आपलं नाव वर दिसावं आणि फोन लावला तर तो आपल्याच खिशात वाजावा, एवढंच या लोकांना हवं असतं.

एवढंच म्हणते खरी, पण त्यात किती कटकट आहे ते मला विचारा. कार्डावर ‘कन्स्ट्रक्शन’, बोर्डावर ‘सेंटरिंग वर्क्स’ आणि कुठल्याशा डिरेक्टरीत मेव्हण्यानं परस्पर भरलेलं ‘अँड ब्रदर्स’. नंबर तीन असतात. एक बंद पडलेला, एक बायकोकडे दिलेला, आणि एक चालू, जो कुठंच लिहिलेला नसतो. पत्ता विचारला तर ‘पेट्रोल पंपामागं कुनालाबी इचारा’. कॉम्प्युटरला कुणालाही विचारता येत नाही. त्याला तीन ठिकाणी तीन गोष्टी दिसल्या की तो तीन वेगळी दुकानं समजतो आणि तिन्ही खाली ढकलतो. म्हणून माझा एकच नियम: एक नाव, एक पत्ता, एक नंबर. नकाशावर तेच, कार्डावर तेच, बोर्डावर तेच. प्रत्येक ठेकेदारासाठी मी एक वही केली आहे आणि पहिल्या पानावर लाल शाईनं हे तीन रकाने आखलेले आहेत.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी दीड महिना दुसरं काही केलं नाही. अर्ध्या ठिकाणी जुनं, अर्ध्या ठिकाणी नवं. एकेकाचा पत्ता उघडून दुरुस्त करायचा आणि त्याला फोन करून सांगायचं. एका रंगाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, “पन ताई, आपुन हाय तितंच हाय ना?”

नवरा म्हणतो, मला नीटनेटकेपणाचा रोग आहे. घरात हळदीच्या डब्यावर ‘हळद’ लिहिणारी बाई सगळ्या गल्लीत मी एकटी. असेन. पण त्याला कारण आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून मी दोन नावांची बाई झाले. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं. एका पतसंस्थेत माझी निवड झाली होती. कागद तपासताना तिथल्या साहेबांनी विचारलं, “या दोघींतल्या तुम्ही कोण?” प्रतिज्ञापत्र करून आणेपर्यंत जागा भरली होती. तो राग माझ्यात अजून आहे. एकाच माणसाची दोन ठिकाणी दोन नावं दिसली की माझं डोकं उठतं.

हे सगळं सांगायचं कारण मिरजगावकडचे दोन भाऊ. माझ्या सर्वात जुन्या गिऱ्हाइकांपैकी. दोघं मिळून सेंटरिंगचं काम करायचे. स्लॅब ओतायच्या आधी खाली लोखंडी प्लेटा अंथरायच्या, त्यांना टेकू द्यायचे, सगळं पाणसळ लावून एका पातळीत आणायचं, आणि स्लॅब वाळला की काढून न्यायचं. थोरला कमी बोलायचा. धाकटा दोघांच्या वाटचं बोलायचा. गिऱ्हाइकाशी बोलणं, मिक्सरवाल्यावर ओरडणं, मजूर गोळा करणं धाकट्याकडं. मोजमाप आणि टेकू थोरल्याकडं.

थोरल्याची एक पद्धत होती. स्लॅब भरायला लागला की सगळी माणसं वर असतात. घरमालकही वर, नारळ फोडलेला, कुणाच्या हातात फोन, कुणाच्या हातात पेढे. हा माणूस एकटा खाली टेकूंच्या रानात उभा राहायचा. हातात छोटी हातोडी. एकेका टेकूला टिचकी मारून ऐकायचा, कुठं ढिला आवाज आला की पाचर ठोकायचा. शेवटची पाटी पडेपर्यंत बाहेर यायचा नाही. वर चहा आला की त्याचा चहा खाली पाठवायला लागायचा.

लोकांनी हे बघितलं होतं. त्यांच्या नोंदीखाली गिऱ्हाइकांनी जे शेरे लिहिले होते त्यातल्या निम्म्यांत हेच होतं. ‘मोठे भाऊ स्वतः स्लॅबखाली उभे राहतात.’ ‘खाली थांबणारा माणूस पाहिला आणि निर्धास्त झालो.’ मी सांभाळत असलेल्या सगळ्या नोंदींत ही माझी लाडकी. नाव एक, पत्ता एक, नंबर एक, कुठं काना-मात्रेचा फरक नाही. नवीन गिऱ्हाइकाला दाखवायला मी तीच उघडायची.

एका सोमवारी थोरला एकटाच आला. स्टुलावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“ताई, आमी वायलं निघतोय.”

“भांडण झालं?”

“न्हाई, भांडन न्हाई. पोरं मोठी झाली. त्यांची तोंडं दोन दिशंला. आज गोडीनं हुतंय तवर करून टाकावं. जमीन झाली वाटून, आता धंद्याचं वाटं पाडायचंत.”

त्यांच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि आधी उचलायचा मान धाकट्याचा. वाटे पाडणाऱ्याच्या हाती निवड नाही, म्हणून तो मुद्दाम एक वाटा जड करत नाही. शिवाय पंचांसमोर त्यानं प्रत्येक वाट्याचं खरं मोल बोलून दाखवायचं. माहीत असून लपवलं तर ती वाटणी मोडते.

“एक इचारू का?” थोरला म्हणाला. “नोंद हाय तशी एकच ठिवायची, नाव तेच, आन् त्यात दोघांचंबी नंबर घातलं तर? म्हंजी तेवढं एक वाटायलाच नको.”

“नाही,” मी म्हणाले. मान वर न करता म्हणाले, हे मला चांगलं आठवतं. “दोन नंबर घातले की गोंधळ होतो. एक नाव, एक पत्ता, एक नंबर.”

 मग त्यानं विचारलं, “मंग ह्या नंबराचं मोल कसं धरायचं?”

मला माझ्या कामाचा तोरा होता. मी म्हणाले, “दादा, तुमच्या सगळ्या प्लेटा, टेकू, मिक्सर एका पारड्यात टाका आणि हा नंबर, हे नाव दुसऱ्या पारड्यात. काटा सरळ राहील.”

बोलायची एक पद्धत असते. पण या माणसानं टेकू ठोकताना जसं ऐकावं तसं ते ऐकलं आणि टोपी घालून निघून गेला.

पुढचं मला धाकट्यानं सांगितलं. दहा दिवसांनी तो नोंद स्वतःच्या एकट्याच्या नावे करून घ्यायला आला होता. थोरल्यानं खरोखर तसेच वाटे पाडले. एकीकडं सगळं लोखंड आणि मिक्सर, एकीकडं नाव, बोर्ड आणि नंबर. चुलते पंच म्हणून बसले होते, ते म्हणाले, येडा हाय का, नंबर म्हंजी काय वस्तू हाय का? तर थोरल्यानं माझं बोलणं शब्दाशब्दानं सांगितलं. नगरच्या ताई असं म्हणतात, त्यांना त्यातलं कळतं, दोन्ही वाटे सारखे आहेत.

“मी म्हनलं, प्लेटा काय भाड्यानंबी मिळत्यात,” धाकटा म्हणाला. “मी नंबर उचलला. चुकलं का म्याडम?”

“नाही,” मी म्हणाले. रीतीप्रमाणं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याचं काम करून दिलं आणि वहीच्या पहिल्या पानावर मालक म्हणून त्याचं एकट्याचं नाव लिहिलं.

चार दिवसांनी थोरला आला. एस.टी.च्या तिकिटाच्या पाठीमागं नवीन सिमचा नंबर लिहून आणला होता. मी त्याची नवी नोंद केली. नवं नाव, नवा नंबर, शेरा एकही नाही. शोधलं तर ती चोविसाव्या की पंचविसाव्या जागी दिसायची. तिथपर्यंत कोण बोट सरकवतं? लोक पहिल्या तिघांत ज्याचा फोन लागेल त्याला काम देतात. मी त्याला म्हणाले, हळूहळू वर येईल. तो ‘बरं’ म्हणाला.

वर आली नाही. तीन महिन्यांनी नकाशावाल्यांना जागेची खात्री पटवायला बोर्डाचे आणि सामानाचे फोटो लागणार होते. तशी मी गिऱ्हाइकांकडूनच फोटो मागवते, पण यावेळी स्वतः गेले. सकाळच्या गाडीनं मिरजगावला उतरले आणि विचारत विचारत वस्तीवर पोचले. थोरला घरी नव्हता. वहिनींनी पाणी दिलं, चहा टाकला. घराच्या मागं लिंबाखाली प्लेटा रचलेल्या होत्या, पाच-सहा थप्प्या. पावसाळा होऊन गेला होता. दोन थप्प्यांच्या मधून गुडघाभर गवत वर आलं होतं, आणि एका प्लेटेवर शेळीचं करडू ऐटीत उभं होतं.

“दादा कुठं गेलेत?”

“कर्जतला. दुसऱ्याच्या साइटवर जात्यात रोजानं.”

“टेकू लावायला?”

“न्हाई हो,” वहिनी कपबशी पुढे करत म्हणाल्या. “वर माल चढवायला. तितं टेकूचा मानूस त्यांचा हाय.”

मी फोटो काढले. गवत दिसू नये म्हणून तिरपे काढले. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती, तरी मला बाहेरचं काही दिसलं नाही. बावीस वर्षं स्लॅबखाली उभा राहिलेला माणूस आता पाट्या वाहत होता, कारण त्याला कुणी शोधूच शकत नव्हतं. आणि लोकांना माणूस सापडावा याचंच तर काम मी करत होते. मला स्वतःची लाज वाटली. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो मी धाकट्यावर काढला. मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते माझ्या सगळ्या वर्षांत एकदाच केलं आहे. एक जुनी डिरेक्टरी होती, फार कुणी न बघणारी. तिच्यात दोघा भावांची जुनी नोंद होती, सगळ्या शेऱ्यांसकट. मी तिच्यातला नंबर बदलून थोरल्याचा टाकला. कुणाला काही बोलले नाही. माझ्याच नियमाला मीच मागच्या दारानं सुरुंग लावला.

तीन आठवड्यांत त्याला एक फोन आला. श्रीगोंद्याच्या बाजूचा एक शिक्षक, दोन खोल्यांचा स्लॅब. त्यानं विचारलं, ते खाली थांबणारे तुम्हीच ना? थोरला हो म्हणाला. मग थोरल्यानं विचारलं, माझा नंबर कुठं मिळाला? शिक्षकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करते तर थोरला पायरीवर बसलेला. पहिल्या गाडीनं आला होता.

“ताई, ते आदी परत करा.”

“दादा, तुमचंच काम आहे. शेरेही तुमचेच आहेत. तो माणूस तुम्हालाच शोधत होता.”

“आसंल. पन वाटा त्यानं उचललाय. त्याच्या ताटातलं काढून माज्या ताटात वाढू नका. मी मास्तरला त्याचा नंबर दिलाय.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याच्यासमोर नंबर बदलला. त्यानं वाकून पडद्यावरचे आकडे एकेक करून वाचले, धाकट्याचाच आहे ना याची खात्री केली. चहा घेतला नाही. कर्जतच्या साइटवर अर्धा रोज तरी पडेल म्हणून लगेच निघाला.

त्यानंतर मी त्या भावांची वही कपाटात खाली घालून ठेवली. बघायलाच नको.

उन्हाळा लागताना धाकटा आला. एरवी दारातूनच ‘काय म्याडम’ म्हणणारा माणूस, आज गप्प येऊन स्टुलावर बसला. त्याच स्टुलावर. मला त्याच्याशी गोड बोलायची इच्छा नव्हती.

“काय काम काढलं?”

“म्याडम, वैताग आलाय.” त्यानं फोन टेबलावर ठेवला. “फोन माजा, चौकशी त्याची. ज्यो त्यो इचारतो, मोठं भाऊ हायेत का? खाली थांबनारं येनार का? पयल्यांदा मी म्हनलं, मीच त्यो. मग थांबलो खाली.”

“मग?”

“मग काय! मी खाली, तर वर मिक्सरवाल्यावर वरडनार कोन? त्यानं माल पातळ सोडला. आन् खाली मला टेकूचा आवाज कळंना. दादा टिचकी मारतो तशी मारली, सगळे टेकू सारकेच वाजत्यात. लई भ्यालो मी. वरनं दहा मानसं नाचत्यात आन् मी खाली देवाचं नाव घेतोय. त्या मास्तरच्या स्लॅबला बी तसंच. मास्तर वाकून बघून म्हनला, तुमी ते न्हाई.”

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. “मग आता?”

“आता म्हंजी,” त्यानं मान खाजवली, “नोंद एकच ठिवा, नाव तेच. पन त्यात दादाचाबी नंबर घाला. वर त्याचा, खाली माजा. आदी उचलायचा मान माजा हुता, त्यो झाला वापरून. प्लेटा त्याच्या, बोर्ड माजा, काम दोघांचं. हुतंय का तसं?”

‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात तयारच होता. एक नाव, एक पत्ता. मी ती नोंद उघडली, त्याला दाखवून नाही म्हणायला. नंबराचा रकाना होता. त्याच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक रकाना होता: दुसरा नंबर. तो नव्यानं आलेला नव्हता. मी हे काम शिकले तेव्हापासून तिथंच होता. रोज दहा वेळा मी त्याच्यावरून नजर फिरवत आले होते, आणि सगळ्या नोंदींत, सगळ्या वर्षांत, तो मी रिकामा ठेवला होता. दिसायला नीट दिसतं म्हणून.

 त्या भावांची वाटणी त्यांच्या घरात झाली, पण त्यातला हा एक वाटा मी पाडला होता. त्या दिवशी मी फक्त मान वर करून बघायचं होतं.

“होतं,” मी म्हणाले.

“हुतं?” धाकटा म्हणाला. “आत्ता लगीच?”

“आत्ता लगेच. पण आधी त्यांना विचारू.”

मी थोरल्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागं मिक्सरची घरघर ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं, धाकटा काय म्हणतो ते सांगितलं.

“त्येला इचारलं का नीट?”

“तोच बसलाय समोर.”

“दादा, मी हाय,” धाकटा म्हणाला आणि त्यानं स्टूल फोनजवळ ओढलं.

मिक्सर चालू होता. थोरला तिथून बाजूला गेला असावा, कारण आवाज हळूहळू कमी झाला.

“ताई,” तो म्हणाला, “हे तर मी तवाच इचारलं हुतं तुमाला.”

“हो दादा. विचारलं होतं.”

“तुमी न्हाई म्हनला.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “होत होतं. तेव्हाही होत होतं. मी बघितलं नाही.”

 धाकटा माझ्याकडं बघायला लागला, मग पडद्याकडं. मी फोन हातात धरून बसले. शेवटी पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

“बरं, टाका मंग,” थोरला म्हणाला. “आन् त्येला म्हनावं, दोन दिस फोन तूच घे. प्लेटांतलं गवत काढायचं हाय.”